निळी चिंधी

...नाही, मला एक सांगा, नव्या कोऱ्या नळीतून घाण निघावीच कशाला? आपण नवं पातेलं आणतो, एकदा विसळतो, शेगडीवर चढवतो, संपला विषय! पण रायफलची नळी? तिला म्हणे आधी रुळवावी लागते! मुलीच्या नेमबाजीच्या सरांनी मला बाजूला घेतलं, आणि असा आवाज लावून, 'हे बघा, नळी नवी आहे. एक गोळी झाडली की साफ करायची. पुन्हा एक, पुन्हा साफ. गोळीचं तांबं आत चिकटून राहिलं की नेम गेला!'

नेम गेला?! अहो, उद्या पोरीची निवड! संघात की घरात, ते उद्या ठरणार, आणि हे आज सांगतात!

तर मैदानावर पोरगी आडवी पडून एक गोळी झाडते, नळीमागचा बोल्ट काढून रायफल माझ्या हातात देते. मी सळईच्या टोकाला चिंधी लावतो, चिंधीला ते वासाचं औषध, नळीत घालतो, पलीकडून बाहेर काढतो... निळी! आत तांबं असलं की चिंधी निळी होते. दुसरी घातली. निळी! तिसरी... शाईत बुडवल्यासारखी!

'बाबा, दे ना आता!' म्हटलं, थांब गं, नळी नवी आहे!

त्यात शेजारी एक जुने नेमबाज काका. ते खाकरून म्हणतात, 'आम्ही कधी साफच करत नव्हतो. नळी घासूनच मरते!' झालं! घासली तर मरते, नाही घासली तर नेम जातो, माणसानं करायचं काय? तेवढ्यात बायकोचा फोन. 'अहो, तिनं काही खाल्लं का?' म्हटलं, खाण्याचं काय घेऊन बसलीस, इथे निळं येतंय! 'अगंबाई, कोणाला?' म्हटलं, ठेव फोन, नळी नवी आहे!

ऊन उतरलं. रखवालदार किल्ल्या वाजवत आला, 'साहेब, आवरा.' पोरीच्या गोळ्या झाल्या होत्या जेमतेम तीन, आणि माझ्या चिंध्यांचा हा ढीग! शेवटी ती उठली. सळई माझ्या हातातून घेतली, कोऱ्या चिंधीवर औषध टाकलं आणि नळीत न घालता नुसती सळईच्या टोकावर घासली. निळी!

'बाबा, हे टोक कशाचं?'

'पितळेचं.'

'आणि पितळेत काय असतं?'

...तांबं! म्हणजे नळी कधीच लख्ख झाली होती, आणि मी दुपारभर सळईचं टोक धूत होतो, व्हाया नळी! म्हटलं, अगं, घासून मेली असली तर? नळी नवी आहे! ती म्हणाली, 'बाबा, मागे सरक. अजून मागे. गाडीत जाऊन बस.' बसलो. काचा वर करून देवाचं नाव घेत बसलो.

आणि दुसऱ्या दिवशी निवड झाली की हो! रडलो मी, खोटं कशाला बोलू? सर म्हणाले, 'बाहेरगावच्या स्पर्धेला घरचं एक माणूस सोबत चालेल.' मी लगेच बॅग भरायला घेतली. पोरगी म्हणाली, 'आई येतेय.'

म्हटलं, अगं, आईला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही!

'म्हणूनच.'

घ्या! काढतोय कपडे बॅगेतून.