नववा प्रश्न

भाऊजी : आधी एका जागी बस बघू. तू अशा येरझारा घालायला लागलीस की मलाच काहीतरी झाल्यासारखं वाटतं.

डॉक्टर : बसले. आता परत सांगा. आजपासूनचा विमा घेतला, तर मागच्या पेशंटचं काय?

भाऊजी : तिसऱ्यांदा सांगतोय. हॉस्पिटल सोडलंस, तिथला विमा त्याच दिवशी संपला. उद्या जुन्या पेशंटने दावा लावला तर तुझं तू निस्तर. म्हणून म्हणतो, मागच्या तारखेपासूनचा घे. हप्ता जास्त आहे, पण डोक्याला ताप नाही.

डॉक्टर : त्यात मागचं सगळं येतं?

भाऊजी : तुला माहीत नसलेलं सगळं.

डॉक्टर : आणि माहीत असलेलं?

भाऊजी : तो फॉर्मवरचा नववा प्रश्न. ‘दावा होऊ शकेल असं काही आपल्याला ठाऊक आहे का?’ सगळे डोळे झाकून ‘नाही’ लिहितात. लिही आणि मोकळी हो.

डॉक्टर : हं.

भाऊजी : तुझ्या ताईबरोबर एकोणीस वर्षं काढलीत मी. तुम्हा बहिणींचं ‘हं’ मला बरोबर कळतं. कोण पेशंट आहे?

डॉक्टर : शिवणकाम करणाऱ्या एक बाई. पाच आठवड्यांपूर्वी उजव्या हातावर पडल्या. एक्स-रे बघून मी म्हटलं, मुरगळलंय, पट्टा बांधा. दुखतंय म्हणून पुन्हा आल्या, तेव्हा मी एक्स-रे उघडलासुद्धा नाही. कात्री कमी चालवा म्हटलं, झालं.

भाऊजी : मग?

डॉक्टर : महिनाअखेरीला मी सगळे एक्स-रे परत बघते, जुनी खोड आहे. परवा हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवशी बसले. मनगटातल्या छोट्या हाडाला बारीक भेग आहे. एकदा दिसली की दिसतच राहते.

भाऊजी : आणखी कोणी बघितली?

डॉक्टर : नाही.

भाऊजी : परवा म्हणजे बुधवार. मग फॉर्मवर सोमवारची तारीख टाकू. सोमवारी तुला ठाऊक नव्हतं ना? मग खोटं कुठे झालं?

डॉक्टर : तारीख खोटी झाली.

भाऊजी : अगं, ‘हो’ लिहिलंस तर ही एकच केस विम्याबाहेर जाईल, आणि नेमकी तीच अंगावर येईल. तुझ्या नव्या दवाखान्याच्या पाटीचा रंगसुद्धा अजून वाळला नाही.

डॉक्टर : आणि त्यांचा हात?

भाऊजी : दुखलं की माणूस दुसरीकडे जातोच.

डॉक्टर : त्या नाही जाणार. काही झालेलं नाही, असं मीच सांगितलंय. आत्ता प्लास्टर घातलं तर हाड बहुतेक जुळेल. आणखी महिना गेला तर ऑपरेशन, आणि एवढं करूनही कात्री धरता येईलच असं नाही. मला भीती वाटतेय, भाऊजी. दोन्हीकडून.

भाऊजी : मग आठवडाभर गप्प राहा. विमा होऊ दे, मग बोलव.

डॉक्टर : सकाळीच फोन करून बोलावलंय.

भाऊजी : हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

(दार वाजतं.)

बाई : येऊ का, डॉक्टर? जरा लवकरच आले.

डॉक्टर : या, बसा. हे माझे भाऊजी. ते असले तर चालेल ना?

बाई : असू देत की.

डॉक्टर : हात इथे टेकवा. बाई, तुमचं हाड मोडलंय. पडलात तेव्हाच मोडलं होतं. एक्स-रेत होतं, मला दिसलं नाही. चूक माझी आहे.

भाऊजी : अगं, जरा...

डॉक्टर : आज प्लास्टर घालू. पुढचं सगळं मी बघेन.

बाई : म्हणजे तेव्हापासून मोडलेलंच होतं?

डॉक्टर : हो.

बाई : घरी म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय, म्हणून हात धरून बसते. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, काही नाही म्हणून. मग मलाही वाटायला लागलं, आपणच सोंग करतोय की काय.

डॉक्टर : सोंग नव्हतं. तुम्ही खरं सांगत होता.

बाई : मग एवढं कागदावर लिहून द्याल का? घरी दाखवते.

डॉक्टर : देते. भाऊजी, तुमचं पेन द्या जरा.