खडूच्या उतारावरचं फाटक

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झालं सगळं — तुम्ही लोक अकरा बावीस म्हणता, माहितेय मला, टोबीच्या सायकलच्या हँडलवरच्या यंत्रात वाटेची रेषा अकरा बावीसला थांबलीय म्हणून — पण ती संपल्याची वेळ झाली. सुरू दहा चाळीसला झालं. काय झालं म्हणून काय विचारता, मी आपली बोलतेय, मला सवय लागलीय एकटीनं बोलायची. तुम्ही चाक काढा. सायकल भिंतीला टेकवा, तिकडं ऊन आहे. काटा ना? बघू — हां, कुंपणाचाच. मास्लेन म्हातारा फेब्रुवारीत कुंपण छाटतो आणि मे महिन्यापर्यंत ते काटे वाटेवर लोळत असतात. टोबी म्हणायचा, या विल्टशर परगण्यात येऊन ज्याचं चाक पंक्चर झालं नाही तो आलाच नाही म्हणायचं. टोबी म्हणजे माझा नवरा. मी जेस. तुम्हाला वाटलं असेल कुणी शेजारीण. नाही हो, शेजारच नाहीय इथं, एक मास्लेनचं शेत आणि एक आमचं घर.

आत या म्हटलं असतं, पण मेझी झोपलीय. साडेतीन वर्षांची आहे. दार उघडं ठेवलंय, ती कुशीवर वळली तरी मला ऐकू येतं — टोबी हसायचा मला, म्हणायचा, जेस, पोरगी शिंकली की तू डॉक्टरला फोन लावतेस. खोटं नव्हतं ते. मला भीतीच फार. ताप आला की भीती, नाही आला तर का नाही आला म्हणून भीती. तो तसा नव्हता. तो दिवसभर नकाशा पसरून बसायचा जमिनीवर, कुठली घोडवाट कुठल्या घोडवाटेला जोडायची, कुठं डांबर टाळता येईल, कुठं चहा मिळेल. चाळीस मैलांच्या सायकलवाटेची ही रेषा त्यानं दोन वर्षं घासून काढली. एखादा तुकडा आवडला नाही की पुन्हा जायचा, चिखलानं माखून यायचा, आणि मी म्हणायचे, बाहेरच धू स्वतःला. मुद्दाम आपल्या दारावरून नेली त्यानं ती, म्हणाला, लोक पाण्याला थांबतील, तुलाही बोलायला माणूस मिळेल. मिळालं की. हे काय, तुम्ही आहातच.

घट्ट दाबू नका तो टायर, आतलं पांढरं औषध थोडं बाहेर येऊ द्या, ते आपोआप भोक बुजवतं. मला सगळं येतं आता, बघून बघून.

आज किती जण आलेत? साठ? वर्ष झालं म्हणून? चांगलं केलंत. टोबीला आवडलं असतं — नाही, खरं म्हणजे लाजला असता. पुढचे सगळे टेकडीवर थांबलेत होय, तुमची वाट बघत? थांबू देत, हवाही छान आहे. पाच मिनिटांनी काय होतंय. ती पाठीवर फळी कसली बांधलीय? पाटी? फाटकावर ठोकायला? अच्छा, अच्छा. नंतर बघते. आधी पाणी घ्या.

तुम्हाला फाटकाचा नियम माहितेय ना? शहरातल्यांना नसतो, म्हणून विचारलं. इथं पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात — उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं दिसलं तर लावायचं. आपली अक्कल चालवायची नाही. मेंढ्यांचं काय चाललंय ते मेंढ्यावाल्याला ठाऊक. मे महिना लागला की मास्लेन ते खालचं फाटक दगड लावून उघडं ठेवतो, लोकर कातरेपर्यंत, कारण पाण्याची डोण खालच्या कुरणात आहे आणि कोकरंवाल्या मेंढ्यांना दिवसभर जा-ये करावी लागते. टोबी दर वर्षी जाऊन विचारायचा त्याला. म्हातारा चेष्टा करायचा, आले तुझे घट्ट चड्डीवाले, माझ्या मेंढ्या लाजतात त्यांना बघून — पण सांगायचा बरोबर. आणि टोबीनं रेषेवर लिहूनच ठेवलं होतं, वाचलं असेल तुम्ही: मे ते जून फाटक उघडं असतं, ब्रेक सोडा, त्या वेगावर समोरची चढण निघून जाते. त्याचेच शब्द. त्याला तो उतार फार आवडायचा. पांढऱ्या खडूच्या दगडाची वाट, मध्ये गारगोट्या, आणि वळणापर्यंत फाटक दिसतच नाही.

काय म्हणालात? मास्लेननं राग काढला? हो, ऐकलंय मी. सगळीकडे तेच बोलतात. त्याला सायकलवाले नको होते म्हणून मुद्दाम लावलं म्हणे. चौकशीच्या वेळी त्याला विचारलं, फाटक कुणी लावलं, तर तो म्हणाला, मीच लावलं असेल, ऐंशीचा झालोय, आठवत नाही. आठवत नाही म्हणे. त्या माणसाला एकशे चाळीस मेंढ्यांपैकी कुठली कोणाची आई ते आठवतं. गावात त्याच्याशी आता कुणी बोलत नाही. पबमध्ये त्याच्या खुर्चीजवळ कुणी बसत नाही, म्हणून तो जातच नाही. त्याच्या गोठ्याच्या दारावर कुणीतरी लाल रंगानं लिहून ठेवलंय, ते त्यानं पुसलंही नाही. मी ब्रेड आणायला जाते तर बायका माझा हात धरतात. माझा.

तो आला होता एकदा. टोबीला पुरल्यावर आठवड्यानं. मी खिडकीत होते. आत आला नाही, हाक नाही मारली, त्या भिंतीवर काहीतरी ठेवलं आणि गेला. जाऊन बघितलं तर मेझीचा बूट. डावा. पुसून, नाडी बांधून ठेवलेला.

दाखवा बरं ती पाटी. सोडा की दोरी, मी काही मोडत नाही. सुंदर केलीय. ओकचं लाकूड ना? 'टोबी हार्कर इथं गेला. ज्यानं हे फाटक लावलं, त्यानं हे रोज वाचावं.'

रोज.

नाही, मला काही झालं नाही. बसते जरा. तुम्ही चाक बसवा.

मेझी कोकरांमागं धावली हो. एवढंच. फिरायला नेलं होतं तिला, ती हात सोडून त्या उघड्या फाटकातून खाली पळाली, आणि डोणीच्या पलीकडं तळं आहे, वाटीएवढं, पण मला समुद्र दिसला. तिला पकडून वर आणली, ती पुन्हा पळाली, पुन्हा आणली. मग मी दगड सरकवला आणि फाटक लावून टाकलं. कडी घातली. घड्याळ बघितलं मी, तिच्या दुधाची वेळ म्हणून. दहा चाळीस. म्हटलं, दोन मिनिटं, ती शांत झाली की उघडते. आणि ती त्या गारगोटीवर तोंडावर आपटली. ओठ फुटला. रक्त किती येतं हो ओठातून, तुम्हाला कल्पना नाही — मी तिला उचललं आणि पळत सुटले, बूट कुठं पडला तेही कळलं नाही. घरी येऊन धुतलं तर एवढीशी खोक. तांदळाएवढी. पण तोवर मी टोबीला कळवून बसले होते. मेझीला लागलंय, खूप रक्त आहे, लवकर ये.

तो दुपारी यायचा होता. लांबचा वळसा घालून, शांतपणे. मी बोलावलं म्हणून तो जवळच्या वाटेनं आला, त्या उतारावरून. ब्रेक न लावता.

भांडी घासताना आठवलं मला. हात साबणात होते आणि एकदम आठवलं, फाटक. म्हटलं, मेझी झोपली की जाऊन उघडते. मग वाटलं, आत्ताच जावं. मग वाटलं, तिला एकटीला कसं सोडू. दारात उभी राहिले मी, अर्धी आत, अर्धी बाहेर. किती वेळ ते नका विचारू.

चौकशीत मला विचारलंच नाही कुणी. बाईचा नवरा गेलाय, तिला काय विचारायचं. आणि मी — मला वाटलं, मेझीला नेतील माझ्याकडून. अजून वाटतं. म्हाताऱ्यानं फाटकापाशी सापडलेला बूट आणून ठेवला तेव्हा मला कळलं की त्याला कळलंय, आणि तरीही मी भिंतीवरून बूट उचलला आणि आत गेले. वर्षभर तो माझं ओझं वाहतोय आणि मी तुम्हाला पाणी पाजतेय.

असं बघू नका माझ्याकडं. नाही, खांद्यावर हात नको. पाटी इथंच ठेवा, भिंतीला टेकवून, माझ्या दारात. ती मला वाचायचीय.

वर थांबलेत ना तुमचे साठ जण, त्यांना सांगा. मास्लेनच्या त्या फाटकाशी जायच्या आधी सांगा. फाटक त्यानं नाही लावलं. टोबीच्या बायकोनं लावलं. नाव घेऊन सांगा, जेस हार्करनं. आणि त्यांनी पुढं सांगावं, पबमध्ये, जिथं जिथं बोललेत तिथं. मेझी उठलीय बहुतेक. जा तुम्ही. हवा भरून झालीय, जा.