धुमेची कणीक

शीतल : आत्या, आज एकादशी ना? घरात कुणी पोळी खाणार नाही, मग ही कणीक कशाला मळलीत?

सगुणाबाई : कुठं?

शीतल : ही काय, वाटीखाली झाकलीय. मागच्या एकादशीलाही होती. मुंग्या लागल्या म्हणून मी टाकून दिली, बोलले नाही.

सगुणाबाई : मंग मीच मळली असंल.

शीतल : असंल म्हणजे? आठवत नाही तुम्हाला?

सगुणाबाई : भगर धुतली, हात पुसले... मळली असंल. तुझ्या सासऱ्यांच्या पखवाजाला लागायची. डाव्या तोंडाला, धुमेला, कणीक लावल्याबिगर पखवाज बोलत न्हाई. निस्ता टिपाडावानी वाजतो.

शीतल : पण आत्या, मामा तर...

सगुणाबाई : दिवाळीच्या आधी गेले. म्हाईत हाय मला. तू ती भगर बघ, खाली लागंल.

संपत : रामकृष्णहरी, काकू! येऊ का आत?

सगुणाबाई : ये, संपत. च्या टाकू का?

संपत : च्या नको, जल्दीत हाय. कीर्तनाचे महाराज येऊन बसलेत देवळात. अन् ऐन वक्ताला माझ्या पखवाजाच्या पुडीचं कातडं फाटलं. शहागडहून दुसरा मागवला, तर आणणाऱ्याची गाडी पुलाजवळ बंद पडली. म्हणून म्हणलं... अण्णांचा पखवाज...

शीतल : संपतभावजी, घरात ह्यांनासुद्धा त्याची खोळ काढू दिली नाही आत्यांनी.

संपत : कल्याण बोलला मला. म्हणून तर घराला दोन चकरा मारून मंग आत आलो. काकू, न्हाई म्हणा, मी बिलकुल नाराज होणार न्हाई.

सगुणाबाई : खोळ काढली तर आवाज जाईल.

शीतल : कसला आवाज?

सगुणाबाई : त्यांचा. वाजवून झाल्यावर त्यांनीच खोळ चढवली होती. त्याच्यावर दुसरा हात पडला न्हाई अजून.

शीतल : पण पखवाज तर पेटीच्या सुराला लावतात. सूर तोच राहिला, तर हात कुणाचा का असेना, काय फरक पडतो?

सगुणाबाई : तू मोरीत भांडी घासतीस, मी इथं पाठमोरी बसते. पितळेचा तांब्या कोणता अन् ष्टीलचा कोणता, मला कळतं का न्हाई? भरला हंडा, रिकामा हंडा? अन् कल्याणनं अन् त्याच्या मित्रानं एकाच सुरात हाक मारली, तर तू कुणाला ओ देशील?

शीतल : ह्यांनाच.

सगुणाबाई : हाताचं बी तसंच असतं बाई. मी खांबामागं बायांत बसायचे. तिथून ते दिसायचेच न्हाईत. पण धुमेवर पयली थाप पडली की समजायचं, आज पित्त चढलंय, आज माझ्यावर चिडून आलेत.

संपत : चिडले की कणीक जास्त थापायचे! सगळं देऊळ घुमायचं. एकदा तर महाराजांनी अभंग थांबवून इचारलं, रामप्रसाद, आज घरी काय झालं?

सगुणाबाई : भेंडी करपली होती.

शीतल : आत्या, हसलात तुम्ही?

सगुणाबाई : न्हाई.

संपत : राहू द्या, काकू. टाळावर भागवू आज. मी सांगतो महाराजांना.

सगुणाबाई : टाळावर? महाराज रंगात आले अन् खाली पखवाज नसला, तर पाय कुठं ठेवतील ते? जा. खुंटीवरून काढ. हळू, खुंटी ढिली हाय.

(खोळ निघते.)

सगुणाबाई : शीतल, ती कणीक दे त्याला.

संपत : मळून तयार? मी येणार हे तुम्हाला कसं समजलं?

सगुणाबाई : न्हाई समजलं. लाव तू.

संपत : लावली. ऐका हं.

सगुणाबाई : कोरडी हाय. पाण्याचा हात फिरव.

संपत : आता?

सगुणाबाई : कडेची काढ थोडी. मधली राहू दे. हां. मार थाप.

संपत : आता?

सगुणाबाई : आता बराबर.

संपत : अण्णांवानी लागला ना? खरं सांगा.

सगुणाबाई : पखवाज तोच. कणीक माझीच. सूरही तोच हाय.

संपत : मंग?

सगुणाबाई : हात तुझा हाय, संपत.

संपत : चुकून राह्यलो का मी काही?

सगुणाबाई : चुकत न्हाईस. चांगला हाय हात. पण ते न्हाईत.

शीतल : आत्या, बसा बरं तुम्ही खाली.

सगुणाबाई : तेराव्याला सगळं गाव रडलं. मला काहीच वाटलं न्हाई. बाया म्हणत होत्या, दगड झाली. मला आपलं वाटायचं, खोळीत हायेत.

शीतल : रडून घ्या, आत्या. आम्हीच आहोत इथं.

सगुणाबाई : येत न्हाई बाई. अजून बी येत न्हाई. संपत, तू नीघ. महाराज खोळंबले असतील.

संपत : तुम्ही येता ना? खांबामागची जागा धरून ठेवायला सांगतो.

सगुणाबाई : भगर उतरवते अन् येते. अन् ऐक, कीर्तन झालं की ती कणीक खरवडून तिथं फेकू नको. घेऊन ये.

संपत : कशाला?

सगुणाबाई : ते आणायचे. गोठ्यातली गाय अजून वाट बघती.