बाभळीचे ठोकळे

आमी लोहार, मूळचे कळंबच्या बाजूचे. निजामाच्या राज्यात आज्जानं बैलाला नाल ठोकले, वडिलांनी नांगराचे फाळ शेवटले, म्हंजी तापवून ठोकून धार काढली, आन निजाम गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला, जिकडं तिकडं सडका निघाल्या तवा म्या ट्रॉल्या जोडाय लागलो. काय सांगू तुम्हाला, चौथीच्या पुढं शाळा न्हाय, पर जुना एक्सल नुसता बघून सांगायचो, ह्याच्यावर वझं किती बसंल. धाकटा भाऊ नामा माझ्यापाशीच असायचा. सांडशी म्या धरायची, घण त्यानं मारायचा. त्याच्या मनगटासारखं मनगट म्या दुसरं न्हाय बघितलं, हे आधीच सांगून ठेवतो, पुढं लागणार हाय.

सडकंचा एक गुत्तेदार होता. नाव घेत न्हाय, मेलेल्या माणसाचं नाव घेऊन काय करायचं. त्याच्यापाशी खडी दाबायचा लहान रोलर. तो आपल्या चाकावर एका कामावरून दुसऱ्या कामावर निघाला की म्हशीच्या चालीनं, दिवस मोडायचा. म्हणून त्याला ट्रॅक्टरमागं वढायची ट्रॉली पायजे होती. म्हणला, उस्ताद, फळ्या मजबूत करा, रोलर वर चढताना साहेब लोक बघायला येतेत. फळ्या म्या केल्याच. आखूड केल्या तर चढ उभा होतो आन रोलरचं त्वांड वर उचलतं, म्हणून लांब केल्या. लोखंडावर लोखंड घसरतं, म्हणून वरून लाकडाच्या आडव्या पट्ट्या मारल्या. मागच्या आंगाला टेकू दिला, न्हायतर वझं मागं आल्याबरुबर ट्रॅक्टरच उचलायचा.

मग म्या म्हणलं, मालक, आता ब्रेकचं बोला. सोलापूरला भंगारात मोटारीचा ब्रेकासगट एक्सल मिळतो, चारी चाकाला ब्रेक घालू, दोरी डायवरच्या हातात देऊ. तर त्यो हसला. म्हणला, बैलगाडीला कुठं असतोय ब्रेक, तुमचा बाप घाट उतरला न्हाय का? आता त्या माणसाला काय सांगायचं. गाडीत ज्वारीची पोती असतेत, हितं रोलर हाय. रोलर चढताना गाव बघतं, उतरताना कोण बघायला येतंय? तासभर भांडलो. शेवटी म्हणला, तुमच्या समाधानासाठी कायतरी लाकडाचं बसवा. मग मागच्या दोन चाकाला लोखंडाची गोल कडी बसवली आन त्याच्यावर आवळायला बाभळीचे दोन ठोकळे. मागं पाटावर माणूस बसणार, आट्याचा दांडा फिरवणार, ठोकळे कड्यावर आवळणार. दांडा आवळायला मनगट पायजे. नामा म्हणला, दादा, म्या बसतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यार चालवत न्हाईत, पुजतेत. ऐरण, घण, सांडशी धुवायची, तेल लावायचं, शेंदूर लावायचा, झेंडूची माळ घालायची. वडील म्हणायचे, एक बी वस्तू कोरडी ठिवू नका. ट्रॉली दारातच हुबी होती. आमच्याच हातची. म्या तेलात शेंदूर कालवलेली वाटी घेतली आन वरपासून खालपर्यंत लावत गेलो. फळ्या झाल्या, दांडा झाला, खाली वाकून ठोकळ्याला बी लावलं, कड्याला बी लावलं. नुसतं बोट न्हाय, चांगलं चोळून. ब्रेकसाठी तासभर भांडलेला माणूस म्या. डोस्क्यात आलंच न्हाय. देवाचं काम करायलोय म्हणून लई समाधान वाटत होतं.

दसऱ्याला गुत्तेदार म्हणला, आज शीव वलांडायची, मुहूर्त हाय. रोलर फळ्यांवरून वर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग येरमाळ्याचा घाट. म्या मागून सायकलवर होतो. वळणाच्या पलीकडून आवाज आला, जाऊन बघतोय तर ट्रॅक्टर खड्ड्यात, डायवर कवाच उडी मारून बाजूला, रोलर उलटलेला आन ट्रॉलीखाली नामा. त्यानं उडी मारली नव्हती. दांडा हातात तसाच.

लोकांनी त्याला उचलून नेलं. म्या मागं राहिलो. खाली वाकून ठोकळ्याला हात लावला तर बोटं शेंदरानं लाल झाली, बुळबुळीत. तवा कळलं. काय सांगू तुम्हाला, त्या वख्ताला म्या काय केलं. फौजदार यायच्या आत धोतराच्या सोग्यानं ठोकळे पुसले. रक्ताच्या माणसाकडं न्हाय गेलो, ठोकळे पुसत बसलो.

नामाचा पाय मांडीपासून काढला. गुत्तेदारानं फौजदाराला सांगितलं, ब्रेकवरच्या माणसाला डुलकी लागली. आन गावानं तेच धरलं. दवाखान्यात नामानं मला इचारलं, दादा, म्या पुरा आवळला होता, तरी का घसरलं? आन म्या म्हणलं, कमी आवळला असशील, नामा.

 मग त्यो स्वतःच म्हणाय लागला, माझाच हात कमी पडला. बारा वर्सं काठी घेऊन माझ्या दारात बसला, भाता हलवला, वहिनीच्या हातचं खाल्लं, आन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माझ्यामुळं दादाच्या कामाला बट्टा लागला. म्या आतून ऐकायचो. गुत्तेदाराला शिव्या द्यायचो, मोठ्यानं द्यायचो, म्हणजे दुसरं काय ऐकू येऊ नये. शिव्या त्याला लागू होत्याच. पर तेल त्यानं न्हाय लावलं.

गेल्या उन्हाळ्यात नामा गेला. त्याला सांगायचं राहून गेलं म्हणणार होतो तुम्हाला, पर खरं ते न्हाय. सांगायचंच नव्हतं मला. खंडेनवमी अजून घरात करतेत, लेक तेल लावतो, म्या त्या दिवशी भाईर जाऊन बसतो. तुम्ही शिकलेले लोक, समदं लिवा न लिवा, माझं नाव बी ठिवा न ठिवा. देव तुम्हाला सुखी ठिवो. येवढंच लिवा की नामानं पुरा आवळला होता.