देव्हाऱ्यातली सही

सरपंच झाल्यापासून मला सगळ्यात मोठी धास्ती कशाची, तर त्या डोंगलची. माझी डिजिटल सही त्यातच असते, म्हणून मी तो उशाखाली ठेवायचे.

आमच्या नळयोजनेचा प्रस्ताव पाठवायचा शेवटचा दिवस होता आणि उशाखाली डोंगल नव्हता. मी गादी उचलून झाडली, कपाट उपसलं.

“देव्हाऱ्यात हाय,” सासूबाई म्हणाल्या. “गावाची सही ती, उशाखाली ठेवतात काय गो?”

पाहिलं तर डोंगलला कुंकू, तेही नेमकं कॉम्प्युटरमध्ये घालायच्या तोंडाला. तसाच पंचायतीत नेला, तर ग्रामसेवकांनी कपाळावर हात मारला. मी कोरड्या ब्रशनं तो साफ केला आणि डोळे मिटून लावला. सही झाली, प्रस्ताव गेला.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “जाणारच. आता पाणी आलं की नळाला कुंकू लावीन. तोंडाला नाय लावणार.”