बटण सोडेपर्यंत हवा तुझी

(दुपार. कुरणावरच्या घराची मागची खोली. वहिनी गादीला खोळ घालते आहे. तिचा धाकटा दीर, भाऊजी, खिडकीची गंजलेली खिट्टी काढून घासतो आहे.)

वहिनी : पण मग पलंग भिंतीकडे कशाला सरकवलात? उजेड तर खिडकीशी आहे.

भाऊजी : खिडकीखाली पहाटे वासरं हंबरतात. पाहुण्यांची शहरातली झोप. आठ दिवस उशी डोक्यावर घेऊन काढतील, आणि जाताना तोंडदेखलं म्हणतील, फार छान...

वहिनी : पाहुणचार झाला. कळलं. राहू दे भिंतीकडे. पण काय हो भाऊजी, न्हाणीघरात धरायला दांडी काय, पायरीला खडबडीत पट्टी काय, सगळ्यांत गरीब घोडी धुऊनपुसून उभी काय! माझ्या माहेरची माणसं आली होती तेव्हा खिडकीला माश्यांची जाळी मागून मागून माझी जीभ झिजली होती.

भाऊजी : तुमच्या माहेरच्यांनी मला पाढे शिकवले नव्हते.

वहिनी : तेही खरंच. मला अजून नवल वाटतं. तुम्हा दोघा भावांची सगळी शाळा त्या बाईंनी केली, आणि त्यांनी तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही.

भाऊजी : पाहणार कशा? त्या शहरात माईकपुढे, आम्ही इथे स्वयंपाकघरात वायरलेसपुढे. शेजारचं घर म्हणजे घोड्यावरून अर्धा दिवस. मी तर समजत होतो, शिक्षक लोकांना हातपाय नसतातच. नुसता गळा असतो.

वहिनी : म्हणून तर तुम्ही दोघं अजून जित्या माणसाशी वायरलेसवर असल्यासारखे बोलता. हे मला मागणी घालायला आले. म्हणाले, "मला तुम्ही आवडता. झालं." आणि गप्प. मी म्हटलं, झालं? आवडून संपलंसुद्धा? मी डोळे पुसत आत निघून गेले, आणि हे आपले दारात उभे.

भाऊजी : दादा तुमच्या उत्तरासाठी थांबला होता. तो "झालं" शब्द शाळेत त्यांनीच दिलेला. इतर लोक वायरलेसवर "ओव्हर" म्हणायचे. त्या म्हणाल्या, आपण आपल्या भाषेत सांगू. आपलं सांगून संपलं की "झालं" म्हणायचं, नि मग दाबलेली कळ सोडायची. मग दुसऱ्याची पाळी.

वहिनी : पाळीवरून आठवलं. हे काल म्हणत होते, गुरुवारी लांबच्या पाणवठ्यावर तुम्ही जाताय. पाळी यांची होती, तुम्ही मागून घेतलीत. बाई गुरुवारी येणार. तुम्ही परतणार त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

भाऊजी : तिथल्या पंपाचा वायसर गेलाय.

वहिनी : वायसर यांनाही घालता येतो.

भाऊजी : दादाने घातलेला वायसर म्हणजे कळपासाठी कारंजं.

वहिनी : भाऊजी, पूर्वरंग पुरे झाला. आता उत्तररंगाला या.

भाऊजी : तुम्ही खोळ उलटी घातलीत.

वहिनी : असू दे उलटी. सकाळपासून ऐकतेय. तुम्ही "त्या" म्हणता, "पाहुण्या" म्हणता, "शिक्षक लोक" म्हणता. एकदाही "बाई" म्हणाला नाहीत. आधी वाटलं, लाजताय. मग आठवलं. मागे तुम्हाला बटाटे आणायला पाठवलं, तर पोतंभर कांदे घेऊन आलात. बादली हवी असली की "ते पाण्याचं द्या" म्हणता.

भाऊजी : कांदे ताजे होते.

वहिनी : भाऊजी.

भाऊजी : घरात चालतं, वहिनी. तुम्ही आहात, आई आहे. कुठे अडलं तर तुम्ही पुढचं म्हणून टाकता. मायेनेच म्हणता, ते समजतं मला. पण तिथे थांब्यावर त्या गाडीतून उतरणार, आणि मला पहिला शब्द तोच म्हणायचा. त्या एका अक्षरावर माझ्या जिभेचा दगड होतो.

वहिनी : मला वाटायचं, लहानपणीच सुटलं ते सगळं.

भाऊजी : लहानपणी तर एकही अक्षर धड निघत नव्हतं. वडील घाईचे. मी तोंड उघडलं की उरलेलं तेच म्हणायचे, पुष्कळदा चुकीचं. मग मी मुकाच झालो. "हो" पुरतं, "नाही" पुरतं. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी कळ दाबून धरली आणि काही निघेचना. साऱ्या कुरणांवरची मुलं कान लावून होती. पण वायरलेसचा एक गुण असतो. एकाने कळ दाबली की दुसऱ्याचा आवाज जातच नाही. कोणाला मध्ये घुसता येईना, वडिलांनासुद्धा आईने डोळ्यांनी दाबून ठेवलं होतं. शेवटी निघालं नाव. आणि त्या रागावल्या नाहीत. शाबासकीही नाही दिली. म्हणाल्या, "कळ सोडेपर्यंत हवा तुझी आहे. आम्हाला घाई नाही. आता पुढचा मुलगा."

वहिनी : इतकंच?

भाऊजी : इतकंच. मला जन्मभर पुरलं. वर्षअखेरीला मी अख्खी कविता म्हटली. त्या दिवशी त्यांना वाटलं असणार, सुटलं पोर. तेच पोर त्यांच्या कानात आहे. आईशी फोन होतो तेव्हा अजून सांगतात, नव्या मुलांना मी तुमच्या धाकट्याचं उदाहरण देते. पण माझं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही, वहिनी. अक्षर अडलं की मान वाकडी होते, एक डोळा मिटतो. इतकं देणाऱ्या माणसाला म्हातारपणी हे दाखवायचं? त्यापेक्षा खोली नीट करून द्यावी, रस्ता नीट करून द्यावा, आणि दूर राहावं.

वहिनी : म्हणजे दांडी आभार मानणार, पायरी आभार मानणार, घोडीसुद्धा मान लववून आभार मानणार. तुम्ही तेवढे पंपाशी.

भाऊजी : घोडीची मान सरळ असते.

वहिनी : थांबा, आई येताहेत.

आई : दोघंही इथेच आहात होय. बाईंचा फोन होता. आत्ता ठेवला. घसा बसला माझा ओरडून.

वहिनी : ओरडून कशाला?

आई : सांगते. पाणी दे आधी. त्या म्हणाल्या, येणं रद्द करते.

भाऊजी : का?

आई : मी म्हटलं, बाई, असं कसं? तुमचं आमच्यावर इतकं ऋण की...

भाऊजी : आई, निरूपण नंतर. रद्द का?

आई : निरूपण कसलं रे, माझ्या जन्माची कथा आहे ती. लग्न होऊन आले तेव्हा या कुरणावर बोलायला मी आणि वारा. त्यातही वाराच जास्त. तुमची शाळा सुटली की बाई म्हणायच्या, "मुलांनी आता बाहेर पळा, आयांनी बसा." आणि एकेकीला विचारायच्या, आज काय केलंत? तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणायचे, काही नाही, दूध काढलं, कपडे धुतले. त्या म्हणायच्या, कोणत्या गायीचं? मग मला गायीबद्दल बोलावं लागायचं, आणि बोलता बोलता हसू यायचं. तुझे वडील गेले त्या सकाळी थोरल्याने वायरलेसवर सांगितलं. बाईंनी धडा घेतला नाही. म्हणाल्या, आज हवा या घरासाठी मोकळी ठेवू. कोणी बटण दाबलं नाही. कोसांवरची सगळी घरं गप्प. नुसती खरखर. देव माणसाच्या घरी येतो म्हणतात ना, माझ्याकडे तो त्या खरखरीतून आला.

वहिनी : हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, आई.

आई : कोणी विचारलं नाही. तर आता ऐका. बाईंचे कान गेलेत. इतकी वर्षं कानाला ते वायरलेसचं यंत्र लावून बसल्या, एक पुरता गेला, दुसरा अर्धा. फोनवर मी एकटी, म्हणून जमतं, तेही ओरडून. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की त्यांना नुसती गजबज. म्हणाल्या, माणसं चांगली असतात हो, पण थांबत नाहीत. माझं वाक्य मीच पुरं करायच्या आत उत्तर देतात, माझ्या वतीनेही तेच बोलून टाकतात. मग मी हसते, आणि नेमकी नको तिथे हसते. "तुमच्याकडे येऊन आठ दिवस मान हलवत बसेन. मुलांना वाटेल, या आपल्या बाई नव्हेतच. त्यांच्या कानात माझा जुना आवाज आहे, तोच राहू दे."

वहिनी : आई, या खोलीत आत्ता कोणीतरी हेच सांगत होतं.

आई : असेल. भिंती पातळ आहेत. मी म्हटलं, बाई, माझी सून हळू बोलेल.

वहिनी : मी?

आई : तेच मला वाटलं, म्हणून पुढे नाही रेटलं. मग त्यांनीच विचारलं, "तुमचा धाकटा अजून तसाच बोलतो का?" मी विचारलं, तसाच म्हणजे कसा? म्हणाल्या, "अडत अडत. एकेक शब्द जपून खाली ठेवत. ती कविता म्हणाला, तेव्हा तो कुठे कुठे अडला होता ते मला आजही पाठ आहे."

भाऊजी : त्यांना कळलं होतं?

आई : तेव्हा कान चांगले होते रे त्यांचे.

भाऊजी : मग ते उदाहरण? नव्या मुलांना सांगतात ते?

आई : मीही हेच विचारलं. म्हटलं, त्याचं तर अजून अडतं. तर हसल्या. म्हणाल्या, "तो नीट बोलायला लागला असं मी कुठे कोणाला सांगते? अडला तरी बटण सोडलं नाही, एवढंच सांगते."

वहिनी : खिट्टी खाली ठेवा भाऊजी, हाताला लागेल.

आई : शेवटी म्हणाल्या, "तो घरी असेल तर येते. त्याचं मला सगळं ऐकू येईल." मी म्हटलं, असेल म्हणजे काय, थांब्यावर न्यायला तोच येईल. बोलून तर गेले. आता थोरला काहीतरी पाणवठ्याचं म्हणत होता...

वहिनी : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

आई : मला या घरात कोण काय सांगतं? तू तुझं बघ रे. जायचंच असेल तर मी परत फोन करते. पण मग त्या यायच्या नाहीत. या वयात पुन्हा निघणंही व्हायचं नाही.

भाऊजी : वायसर दादाच घालेल.

वहिनी : आणि कारंजं झालं तर?

भाऊजी : गायी ओल्या होतील. उन्हाळा आहे.

आई : हे ठरलं. आता घरात एक नियम. जेवताना एका वेळी एकानेच बोलायचं, बाईंकडे तोंड करून, आणि दुसऱ्याने घास गिळेपर्यंत तरी थांबायचं. सूनबाई, तुलाच सांगतेय.

वहिनी : मला आठ दिवस कुलूपच घाला ना. पण भाऊजी, उतरल्या की काय म्हणाल?

भाऊजी : म्हणेन, सामान इकडे द्या.

आई : सामान जातंय कुठे. हाक कशी मारशील?

भाऊजी : आत्ता?

आई : मग कधी?

भाऊजी : इथे, तुम्हा दोघींपुढे?

वहिनी : आम्हाला समजा थांब्यावरचे खांब.

भाऊजी : ठीक. ब... ब्...

वहिनी : बा...

आई : सूनबाई.

वहिनी : चुकले. मी नाहीच इथे.

भाऊजी : ब... ब्... बाई. मी... धाकटा. ब... बरं केलंत, आलात.

आई : हं. पुढे?