ती बघते तिथं

मंगळवारी सकाळी माझी मुलगी पल्लवी चाकणला कंपनीत निघाली. मोशीच्या पुढे ट्रेलरने तिच्या स्कूटीला धडक दिली. ती जागीच गेली, दुपारी आम्ही तिला घरी आणलं. तिची मुलगी स्वरा तेव्हा दीड वर्षाची होती.

मी मूळची परांड्याकडची, लग्न होऊन इकडे आले, हे कंपनीत फिटर आणि मी थेरगावला एका शाळेच्या ग्रंथालयात, पुस्तकांना कव्हरं घालायची, मुलांना द्यायची, परत घ्यायची, निवृत्त होईपर्यंत तेवढंच केलं, त्यामुळे मला बोलायची सवय कमी. तुम्ही लिहून घेताय म्हणून बोलते, आणि सावकाश बोलते, कारण रागात माणूस वाढवून सांगतो. मला वाढवायचं नाही. आहे तेवढं पुरे आहे.

पल्लवीला निगडीला दिली होती. घरात नवरा आणि सासू, बस. पल्लवी तपासणीच्या लाइनवर होती, मशीनवरून पार्ट आला की त्याला जॉब म्हणतात, तर त्या जॉबवर दोघींनी नजर टाकायची, एकीने ओरखडा बोटाने दाखवायचा, दुसरीने तो बघायचा, मग एकमेकींकडे बघून मान हलवायची. बोलायचं काही नाही, मशीनचा आवाजच तेवढा. ती मला हे हसत सांगायची, आई, तिथं आम्ही दिवसभर डोळ्यांनीच बोलतो.

म्हणून तर हे आधी तिच्याच लक्षात आलं. एकदा आली आणि म्हणाली, आई, स्वरा वाटीकडे बघते, माझ्याकडेही बघते, पण वाटी बघून मग माझ्याकडे बघत नाही. बघितलंस का गं, असं मला विचारावं असं तिला वाटतच नाही. मी म्हटलं, मी वाचलंय, मूल आधी बोट दाखवतं, मग बोलतं, तू तिच्यासोबत बस. मग ती बसायला लागली. शिफ्ट करून आली की हातपाय धुवायचे आणि युनिफॉर्मवरच फरशीवर, समोर चमचे, झाकणं, लसणाची टोपली. आपण काही दाखवायचं नाही, पोर बघते तिथं आपण बघायचं, ते उचललं की त्याचं नाव घ्यायचं आणि तिने मान वर करेपर्यंत थांबायचं. तासतासभर थांबायची माझी लेक.

आणि विहीणबाई काय म्हणायच्या, काय सांगू तुम्हाला. दारातून शेजारणीला हाक मारून म्हणायच्या, या हो या, आमच्या सूनबाई भातुकली खेळतायत, कणीक मळायला तेवढी मला ठेवलीय. आणि ही सून कामाला गेली की त्या पोरीसमोर मोबाइल लावून द्यायच्या, सकाळपासून गाणी, भरवताना गाणी, झोपताना गाणी. पल्लवीने एकदा बंद केला तर म्हणाल्या, मग तू राहा घरी. घरी कशी राहणार, फ्लॅटचा हप्ता तिच्या पगारातून जायचा.

तेराव्याला माणसं जमली होती. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईचं लक्षच नव्हतं पोरीकडे, म्हणून पोर अशी राहिली." लक्ष नव्हतं म्हणाल्या. जावई खाली मान घालून पत्रावळीकडे बघत बसले. मग म्हणाल्या, अशी मुलगी मला एकटीला झेपायची नाही, तुम्हीच न्या. मी तिथून उठले. पोरीला उचललं, कपड्यांची पिशवी घेतली, रिक्षात बसले. ते लक्षाचं वाक्य मात्र मी जसंच्या तसं ठेवलंय.

पहिले दोन महिने पोरगी मोबाइल दिसल्याशिवाय घास घेत नव्हती. हे म्हणाले, दे ना थोडा वेळ, उपाशी राहील. मी दिला नाही. पल्लवीसारखी फरशीवर बसले, या गुडघ्यांनी. एका दुपारी कुकरची रिंग घरंगळत कपाटाखाली गेली. स्वराने वाकून बघितलं, बोट केलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. गेली, बघितलंस का, असं. मी रिंग काढून दिली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले, कारण हे जिला बघायचं होतं ती नव्हती. त्यानंतर शब्द आले, भराभर आले.

पोरगी बोलते हे निगडीला कळलं, आणि विहीणबाई आल्या. आता म्हणतात, आमचं रक्त आहे, आमच्याकडेच वाढायला हवी. वकिलाचंही नाव काढलं. ह्यांना घाम फुटला. मी चहा केला.

मला एक गोष्ट ठाऊक होती, पल्लवीकडून ठाऊक झाली होती. अनोळखी माणूस आलं की मूल आधी आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं, आणि आपला माणूस बघेल तिथं बघतं. मग मी काय केलं, तर काहीच नाही केलं. पोरीला अडवलं नाही, विहीणबाईंबद्दल वाईट शब्द बोलले नाही, फक्त त्या आल्या की त्यांच्याकडे बघायचं सोडलं.

वर्षश्राद्धानंतरच्या संक्रांतीला त्या बोरन्हाण करायला आल्या. हलव्याचे दागिने स्वतः केले होते, मुकुट, बाजूबंद, सगळं, डोळे अधू असताना केले असणार. सोबत जावई, शेजारच्या चार बायका. पोरीला पाटावर बसवलं. विहीणबाई बोरं आणि चुरमुऱ्यांची परडी घेऊन समोर वाकल्या, म्हणाल्या, स्वरा, इकडे बघ बाळा, आजीकडे बघ. स्वराने माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीतल्या दोरीवरच्या टॉवेलकडे बघत होते. पोरगी टॉवेलकडे बघायला लागली. त्या पुन्हा म्हणाल्या, मुकुट पुढे केला, टाळी वाजवली. पोरीने पुन्हा माझ्याकडे बघितलं, पुन्हा टॉवेलकडे. किती वेळा झालं मोजलं नाही.

विहीणबाईंच्या हातातली परडी कलली, बोरं फरशीभर. म्हणाल्या, "तुम्ही तिला माझ्याकडे बघू देत नाही."

मी म्हटलं, "मी कुठं मान धरलीय तिची? लक्ष नसेल पोरीचं."

त्यांना कळलं. तोंडावरून दिसलं मला. जावयांनी त्यांना हाताला धरून खाली नेलं. मुकुट इथंच राहिला, मुंग्या लागल्यावर ह्यांनी टाकला. मला त्या दिवशी झोप चांगली लागली, खोटं कशाला सांगू.

हे म्हणाले, पोरगी तुझं तोंड बघून वागते, विसरू नकोस. मी म्हटलं, विसरले नाही, त्याच भरवशावर आहे. ते त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. एकदा भाजी निवडताना म्हणाले, उद्या तिला कुणाकडेच बघता आलं नाही तर? मी निवडलेली भाजी धुवायला घेतली.

वकिलाची नोटीस आली नाही. जावयांचं दुसरं लग्न ठरलंय, ते महिन्यातून एका रविवारी येतात. विहीणबाई येतात, पण वर येत नाहीत, खाली रिक्षात बसून राहतात.

स्वरा आता तीन वर्षांची आहे. आमच्याकडेच आहे. दाराची बेल वाजली की ती दाराकडे जात नाही, आधी माझ्या तोंडाकडे बघते.